फोटोपुरता बांध

दुपारच्या शांततेत दाराची कडी वाजली. बाहेर कॅमेरा घेतलेले कृषी सहायक अन् मोठे बागायतदार मारोतराव उभे होते.

"आकांक्षाची आई, मारोतरावांना माती अडवायच्या बांधाचं सरकारी अनुदान आलंय. तुमच्या बांधावर उभं करून त्यांचा फोटो काढतो."

"काहून? त्यांनी बांध घातलाच न्हाई! धाकटं पोटात असताना मी अन् आकांक्षानं टोपल्यानं माती वाहिली. आमच्या अर्जाचं काय?"

"तुमचं नाव यादीत न्हाई."

मारोतराव हसले. "फोटोच काढून राहिलो बाई. बांध काय खिशात घालून नेतो?"

दोघं सरळ घरामागच्या वावरात शिरले अन् मारोतराव बांधावर चढले. "उतरा खाली!" ओरडत मी धावले, पण तोवर फोटो निघाला होता.

मागून पळत आलेल्या आकांक्षानं माझा हात धरला. "आई, मी टाकलेली ढेकळं बी त्यांचीच झाली का?"