जावयाचा रोडगा

मारोतीच्या पारामागं चतुराबाईनं एका रोडग्यासाठी वेगळी आगटी पेटवली आणि तिच्याभोवती राखेची रेघ ओढली. समोरच्या मोठ्या आगटीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, गावजेवणाचे गव्हाच्या कणकेचे रोडगे भाजत होते. हिच्या आगटीत एकच, तोही ज्वारीचा, पळसाच्या पानात गुंडाळलेला.

नवस तिचाच होता. जावई बरा होऊ दे, रोडगे करीन, पहिला घास त्याच्या तोंडी पडेल. जावई इंद्रभान दोन वर्षं पोट धरून होता, नुसता हाडांचा सापळा झाला होता. मारोतीनं त्याला बरं केलं, पण नागपूरच्या डॉक्टरमार्फत. आणि डॉक्टरनं अट घातली की गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, जन्मभर. रोडगा खावा तर आतडी बिघडणार, न खावा तर नवस राहणार. चतुराबाई देवळात जाऊन मारोतीला सगळं समजावून आली होती. मारोतीनं हरकत घेतली नाही.

गावाला समजावणं जड होतं. दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन सगळे वैतागलेले. आता कुठं घरचा गहू आला, तर ही जावयाला ज्वारी घालते म्हणून बाया पदराआड हसल्या. चतुराबाई आपल्या कामात होती. गिरणीच्या दगडात गहू अडकून बसतो म्हणून तिनं ज्वारी घरच्या जात्यावर दळली होती. परात राखेनं घासली, पुन्हा घासली. कणकेच्या हातानं जो कुणी जवळ आला त्याला काडी उगारून हाकललं. लेक भागिरथा म्हणाली, आता मारोती आला तरी त्याले हात धुवायले लावशील.

हळूहळू बायांचं हसू थांबलं. इतकं कडक सोवळं गावात कुणी पाहिलं नव्हतं. दोघीतिघींनी तर लांबूनच आगटीला हात जोडले.

रोडगा निघाला, जागोजाग भेगाळलेला. इंद्रभान पाटावर बसला. नवसाचा पहिला घास भरवायचा मान उकंडराव पाटलांचा. पाटील इतका वेळ मोठ्या आगटीपाशी रोडगे फोडून त्यांत तूप घालत होते; ते तसेच, हाताला तूप आणि गव्हाचा चुरा घेऊन, पुढं आले. इंद्रभानला तो चुरा दिसला. पण सासुरवाडीत पाटलाला नाही म्हणणं जावयाला शोभत नाही. त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"हात नोका लावू, पाटील," चतुराबाई म्हणाली. "रेघीच्या तिकडे उभे राहा."

हे वाक्य पाटलांनी जन्मभर म्हटलं होतं. ऐकलं आज पहिल्यांदा.

"काहून?"

"तुमच्या हाताले गहू हाये."

गव्हाचाही विटाळ होतो, हे गावाला नवीन होतं. पण सोवळंच असं कडक, की शंका घ्यायची कुणाची छाती झाली नाही. पाटील मागं सरले. चतुराबाईनं हात धुतले, रोडगा फोडला, वेगळ्या वाटीतल्या तुपात बुडवून घास जावयाच्या तोंडात घातला. इंद्रभान बराच वेळ चावत राहिला. मग त्यानं गिळला आणि दुसरा मागितला. चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले, धुराचं निमित्त झालं.

पाटील मागं सरता सरता पाराबाहेरच्या लिंबापाशी पोचले होते. तिथं बौद्धपुऱ्यातला देवमन रिकाम्या टोपल्या घेऊन बसला होता. भाजीची वांगी त्याच्याच मळ्यातली. वांगी पारावर गेली होती, त्याला मात्र इथंच थांबवलं होतं. देवमननं एक टोपली बाजूला सरकवली.

"बसा, पाटील," तो म्हणाला. "इथून बी सगळं दिसते."