घाणेरीचं पान

देवळाबाहेर गायीपुढे चारा सारताना श्वेताच्या बोटांना एक खरखरीत पान लागलं. तिने ते चुरगाळून नाकाशी नेलं. उग्र वास. घाणेरी, जनावरांना विषारी.

सकाळी मुलुंडच्या डोंगरउतारावरून हे गवत तिनेच कापून आणलं होतं. देवळात येणाऱ्यांनी पैसे देऊन त्यातल्या कितीतरी पेंढ्या गौरीला भरवल्या होत्या. त्या गायीवरच त्यांचं घर चालत होतं. सासू, वनमाला, शेजारी स्टुलावर बसून कुणाशी तरी बोलत होती. गप्प राहावं, असं क्षणभर श्वेताच्या मनात आलं.

तेवढ्यात एका बाईने नवी पेंढी गौरीच्या तोंडाशी धरली. श्वेताने ती हिसकावून घेतली.

"आई, चाऱ्यात घाणेरी आलीय!"

वनमाला ताडकन उठली. गौरीच्या जबड्यात हात घालून तिने तोंडातला घास बाहेर ओढला. लाळेने भिजलेल्या गवतात तीच पानं होती.

"किती खाल्ल्यान गो?"

"माहीत नाही."

"कापताना डोळे खंय होते तुझे?"

"झाडीत काहीतरी हललं, आई. मोठं होतं, बिबट्यासारखं. मी तिकडेच बघत राहिले. हात आपले कापत होते."

वनमालाने पदराने गौरीचं तोंड पुसलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन औषध पाजलं. "सावलीत बांधा. उद्या रवंथ करते का बघा. नाही केला, तर लगेच फोन करा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच श्वेता गोठ्यात गेली. गौरी बसून होती. जबडा हलत नव्हता. श्वेता तिच्यासमोर उकिडवी बसली. बऱ्याच वेळाने गायीच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि ती सावकाश चघळू लागली. श्वेताला रडूच फुटलं.

"चल, चारो आणूया," मागून वनमाला म्हणाली. तिच्या एका हातात विळा होता, दुसऱ्यात काठी.

दुखऱ्या गुडघ्यांनी ती सुनेबरोबर उतार चढली. किती वेळा उपटली तरी पुन्हा फुटणारी घाणेरी गवतात जागोजागी शिरली होती. पलीकडे दाट झाडी. श्वेता विळा घेऊन वाकली, पण तिची नजर सारखी वर जात होती.

वनमाला तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"तू पान बघ. झाडी मी बघतंय."

श्वेता एकेक पान निरखून कापू लागली. वनमाला मधूनमधून काठी जमिनीवर आपटत झाडीकडे बघत होती.