कल्हईतला हात

अन्वरनं पितळी पातेलं मऊ गादीवर ठेवलं आणि यंत्राची पट्टी त्याच्या आतल्या काठाला टेकवली. कानाला न ऐकू येणारी एक लहर कल्हईवरून सरकत गेली, तळ्यावरून वारा जावा तशी. थर जाड होता तिथं ती रेंगाळायची, विरळ होता तिथं पळायची. त्या चालीवरून यंत्र थराची जाडी ओळखायचं, आणि जाडीवरून त्या थरावर फिरलेला हात.

"माझे बाबा कल्हई करायचे," शर्वाणी म्हणाली. "हे पातेलं त्यांनीच कल्हई करून आईला दिलं होतं. त्यांचा हात एकदा हातात घ्यायचाय."

अन्वरनं तिच्या उजव्या हातात यंत्राचा हातमोजा चढवला; थरावर हात जसा फिरला असेल, तसाच तो फिरायचा. मोजा संथपणे हलू लागला. लहान लहान गोल काढू लागला. पण तिचं मनगट सारखं अवघडत होतं.

"थांबा ताई," अन्वर पडद्याकडे बघत म्हणाला. "बाबांचा हात फारसा उरलाच नाहीये. हे भांडं घासल्याचे गोल आहेत, वर्षानुवर्षांचे. आणि सगळे उलटे. हे वगळून बघू का?"

शर्वाणीनं डोळे मिटले. आजीच्या धाकानं आई रांधायची उजव्या हातानं, वाढायचीही उजव्यानंच. मोरीवर भांडी घासताना मात्र तिच्याकडे कुणी बघत नसे.

"नको," ती म्हणाली. तिनं हातमोजा उतरवला आणि दुसरा हात पुढं केला.

"डाव्या हाताचा द्या."