पेट्रोल वर चढत नाही

वसुधा किल्ली फिरवत होती आणि उपेंद्र बॉनेटखाली जॅमची रिकामी बरणी धरून उभा होता. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून बरणीत सोडला होता. पेट्रोलचा थेंबही आला नाही.

"पंप गेलाय," तो म्हणाला. "जुनं इंजिन. पंपाच्या आतलं रबर हललं की पेट्रोल वर चढतं. रबर फाटलं की संपलं."

ते रबर त्यानेच ब्लेडने फाडलं होतं.

वेगळं व्हायचं हे फेब्रुवारीतच ठरलं होतं, भांडण न करता. वसुधाने आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, वॉटरफोर्डला नोकरी घेतली. पण लॉकडाऊनमुळे काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर जायला बंदी, म्हणून नावनच्या घरात दोघं मेपर्यंत एकमेकांना चहा विचारत राहिले. बंदी उठली त्याच आठवड्यात तिची गाडी बंद पडली. वॉटरफोर्डला बस जाते. बसचा उल्लेख दोघांनीही केला नाही.

रोज सकाळी ती विचारायची, "होतेय का सुरू?"

"नाही."

"बरं," म्हणून ती दोघांचा चहा टाकायची.

एकदा पहाटे ती गाडीपाशी एकटीच उभी दिसली, बॉनेटवर हात ठेवून. इतकी घाई झालीय हिला, उपेंद्रला वाटलं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने नवा पंप मागवला, पाइपसकट.

"मिळाला?" वसुधा म्हणाली. "मला वाटलं, एवढ्या जुन्या गाडीचा मिळणारच नाही."

"इंटरनेटवर सगळं मिळतं."

"हो ना. वाईटच आहे ते."

त्याने पंपाचा दांडा आत, तो हलवणाऱ्या कॅमवर नीट टेकवला, दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळले, टाकीकडून येणारा जुना पाइप काढून नवा लावला. इंजिनाने थोडे आचके दिले आणि ते सुरू झालं.

वसुधाने डोळे पुसले. "पेट्रोलचा वास," ती म्हणाली.

"काही राहिलं असेल तर बघ."

"सगळं घेतलंय रे."

"पोचलीस की कळव."

"ग्रँड," ती इथल्या लोकांसारखं 'बरं' म्हणाली.

गाडी वळणाआड गेली. उपेंद्र पसारा आवरायला लागला. फाटका पंप त्याने टाकून दिला. जुना पाइप कधीतरी कामाला येईल म्हणून फुंकून पाहिला. हवा जाईना. त्याने आत तार घातली.

वसुधाच्या हिरव्या खणाच्या ब्लाउजचा कापलेला तुकडा निघाला, नीट घट्ट वळून बसवलेला.