एक उरलेला इशारा

चाचणी सुरू झाली की देवयानीचा पडदा इशाऱ्यांनी लाल व्हायचा. "आपणच मुद्दाम चुकीची माहिती खायला घालतो, मग कर्नेल ओरडणारच. लक्ष देऊ नकोस," गोगटे सर म्हणायचे.

कर्नेल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, दवाखान्यातल्या सलाइन पंपाचं होतं. तिला राहवेना. तीन आठवडे खपून तिने असे सगळे अपेक्षित इशारे यादीत घातले आणि गप्प केले.

सोमवारी पडद्यावर एकच लाल इशारा उरला.

"हा राहिला की तुझा," सर म्हणाले.

"हा खरा आहे, सर. चार वर्षं गर्दीत लपला होता."

सरांनी तो नीट वाचला. खाली कोड लिहिणाऱ्याचं नाव होतं, त्यांचंच.

"चार वर्षं येतोय ना?" उठता उठता ते म्हणाले. "मग अपेक्षितच झाला. टाक यादीत."