देवरामचं रानडुक्कर

“मांस तर कदीच कुजलं, साहेब. आता त्यात काय कळनार?” देवराम वनाधिकाऱ्यांना हसत म्हणाला. हसू ओठांपुरतंच होतं.

आटगावजवळच्या त्या पाड्यावर देवराम म्हणजे मोठा शिकारी. निदान त्याचं स्वतःचं म्हणणं तसं होतं. पुतण्याच्या हळदीला त्यानं रानडुक्कर मारून गावजेवण घातलं. एकाच गोळीत कसं आडवं केलं, ते वाढता वाढता प्रत्येक पानापाशी थांबून सांगितलं. खरं तर डुक्कर मुरबाडकडून टेम्पोत, ताडपत्रीखाली झाकून आलं होतं. विकतचं, पाळीव, गटारात लोळून वाढलेलं. पण रानाची चव सगळ्यांनाच लागली. पंगतीतल्या म्हाताऱ्या रघूआबांनी तर बोटं चाटत दाखलाच दिला, “कंदमुळांवर पोसलेला हाय ह्यो.”

मग शिकारीच्या गुन्ह्यासाठी वनखात्याची जीप आली. पडवीत टांगलेली उरलेली मांडी जप्त झाली, आणि तिच्याबरोबर गावाची स्मरणशक्तीही गेली. हळदीला कोणी जेवलंच नव्हतं. रघूआबांचा तर नेमका उपास निघाला.

“खरं सांगून टाका ना,” देवरामची बायको सरिता रोज रडायची. देवरामला वाटे, तुरुंग परवडला, पण परत आल्यावर गावात तोंड कुठं लपवायचं?

आज समाजमंदिरात सगळा पाडा जमला होता. पशुवैद्य रुपाली मॅडमनी रिपोर्ट उघडला.

“मांस कुजलं तरी त्यातला डीएनए लगेच नष्ट होत नाही,” त्या म्हणाल्या. “तपासण्यापुरता मिळाला. हे रानडुक्कर नाही. पाळीव आहे.”

वनाधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग सुटलास की रे देवराम! विकत आणलं होतंस ना?”

देवरामनं सरिताकडे पाहिलं. तिचे डोळे रडून रडून सुजले होते. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“व्हय साहेब. इकतच आनला. मी जल्मात ससाबी मारला नाय.”

सरितानं पदर तोंडाला लावला. हसते की रडते, कळेना. मागच्या रांगेत कोणीतरी “म्हंजी गटारातला?” म्हणत जोराचा उमासा दिला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात रघूआबा काठी टेकत उठले.

“खोटं बोलतोय, साहेब! रानडुक्करच व्हता. लिहून घ्या, आमी सगल्या गावानं खाल्लाय!”