विझवायचा राहिलेला कंदील

“अहो काकू, काका घरात आहेत?” होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या इंजिनवालीने दारातूनच विचारलं. तिचा आवाज चढलेला होता.

“आहेत की. झोपलेत. का गं?”

“झोपलेत!” तिने कपाळावर हात मारला. हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. “अकरा होड्या त्यांना शोधायला गेल्यात, आणि हे झोपलेत!”

बाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्या होड्या त्यांनी तासाभरापूर्वी खिडकीतून पाहिल्या होत्या. किती छान दिसतात म्हणून फोटो काढून मुलीला पाठवलासुद्धा होता.

बेटावर रात्रीच्या कामाची एकच रीत आहे. चांदणं नसलं की शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, खडकांच्या कपारीतून बाहेर येतात; त्या पकडायला जाणाऱ्याने धक्क्यावर आपल्या खुंटीला आपला कंदील पेटवून टांगायचा. परत आल्यावर आपल्याच हाताने विझवायचा. उजाडल्यावरही कंदील जळत असेल, तर माणूस आलेला नाही. मग आधी होड्या सुटतात, चौकशी मागाहून. शाळेत न जाणाऱ्या पोरालाही हे कळतं. यात न समजण्यासारखं आहे काय?

साहेब बनियनवर डोळे चोळत बाहेर आले. निवृत्त होऊन ते इथे आले त्याला चार महिने झाले होते. एवढ्यात ते वल्हं मारायला शिकले, इंजिन चालू करायला शिकले, हातमोजे घालून शेवंड पाठीवरून कशी धरायची ते शिकले, आणि मित्रांना फोनवर ‘आपण आता इथलेच’ म्हणायलाही शिकले. कंदील तेवढा राहिला.

“अरे देवा, कंदील!” साहेब म्हणाले. “भरती होती ना, म्हणून होडी इथेच मागच्या दारी बांधली. म्हटलं, धक्क्यावरून एवढी जड बादली कोण आणणार? नऊ मिळाल्या!”

नऊ! त्या वेळीसुद्धा आकडा सांगायचं सुचलं. मोरीतल्या बादलीत त्या नऊ जणी खरडत होत्या.

“मी तुमच्याजवळ बसायला आले होते, काकू,” इंजिनवाली म्हणाली. “वाटेत विचार करत होते, तुम्हाला कसं सांगू, काय सांगू. आणि बघते तर मागच्या दारी होडी!”

“मग त्यांना फोन कर ना, परत या म्हणावं,” साहेब म्हणाले.

“खडकांपलीकडे फोन लागतो? तुम्हाला माहीत नाही? वारा बघा केवढा सुटलाय. आणि सगळ्यांच्या पुढे कोण गेलंय, माहितीये? माझे बाबा. एकाहत्तर वर्षांचे. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, शेवंड धरायला मी शिकवलं त्याला, मीच शोधून आणतो.”

तिचे बाबा म्हणजे वस्ताद. अख्खं बेट त्यांना वस्तादच म्हणतं. साहेबांना धक्क्यावर खुंटी ठोकून दिली तीसुद्धा त्यांनीच, आणि तीही स्वतःच्या खुंटीशेजारी.

इंजिनवाली मागच्या दाराकडे धावली आणि साहेबांच्या होडीची दोरी सोडू लागली.

“मी येतो,” साहेब चप्पल शोधत म्हणाले.

“नको. तुम्हाला शोधायला परत कोण जाणार?”

होडी गेली. नवऱ्याशी बोलल्या असत्या तर बाईंचा हात उगारला गेला असता. त्यांनी बादली उचलली, मागच्या पायरीवर नेली आणि पाण्यात पालथी केली.

“अगं!” साहेब म्हणाले.

“गप्प बसा!”

दोघं धक्क्यावर आले. तिथे बायका उभ्या होत्या. साहेबांना पाहून कोणी हुश्श केलं नाही की चिडलं नाही. बाजूला सरून जागा मात्र दिली. लाज वाटायला तेवढं पुरे होतं. ओळीने खुंट्या, त्यांवर विझलेले कंदील, आणि मधे एक भर उन्हात जळणारा. त्याच्या शेजारची वस्तादांची खुंटी रिकामी होती. वस्ताद उजाडल्यावर निघाले होते. दिवसाउजेडी कंदील कोण लावतं?

तासाभराने होड्या येऊ लागल्या. एक, दोन, मग एकदम चार. माणसं चिंब भिजलेली. एकाच्या तळहाताची सालटी निघाली होती. साहेबांसमोरून जाताना तो थांबला, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढे गेला.

दहा आल्या. अकरावी आली नाही.

इंजिनवाली परतली ती डिझेल भरायला. होडीतूनच ओरडली, “बाबा आले?”

कोणीतरी डिझेलचा डबा पुढे केला. तिने डबा ओतला. भिजलेल्या माणसांपैकी तिघे पुन्हा आपल्या होड्यांकडे वळले.

साहेबांना काही सुचेना. काहीतरी करायला हवं होतं, निदान राहून गेलेलं तरी. ते पुढे झाले आणि त्यांनी विझवायला कंदिलाकडे हात नेला.

“खबरदार!” बाई ओरडल्या. बेटावर कोणी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

“अगं, मी आलोय ना. ज्याने लावला त्यानेच...”

“तुम्ही आलात. ते आलेत का?”

बाईंनी जळता कंदील आपल्या खुंटीवरून काढला. काच तापली होती, बोटं भाजली, तरी सोडला नाही. शेजारच्या रिकाम्या खुंटीवर तो टांगला. मग हलवून पाहिला. तेल तळाला गेलं होतं.

“घरी जा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आणि रॉकेलचा डबा आणा. पळत जा.”